शांततेचे नमुने

संध्याकाळी पाचला हॉस्पिटलचं फाटक ओलांडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वैजयंती मगदूम कुणाशी बोलत नसे. घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि भिंतींशी बोलण्याइतकी ती वेडी झाली नव्हती, निदान लोकांना दिसेल अशी तरी नाही. फार तर भाजीवालीला 'पाव किलो' आणि जिन्यात भेटलेल्या शेजारणीला 'हो ना, फार उकडतंय'. आणि नेमक्या याच बाईच्या घशाच्या जोरावर जिल्ह्यातली तीनशे अठ्ठेचाळीस माणसं बोलत होती. देवाला थट्टा सुचते ती अशी.

ही माणसं म्हणजे घशाच्या कॅन्सरचे पेशंट. कुणाची तंबाखू, कुणाची मशेरी, कुणाचं नुसतंच नशीब. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागे. जीव वाचे, आवाज जाई. पूर्वी अशा माणसाच्या हातात पाटी-पेन्सिल देत. २०४१ साली मिरजेच्या त्या हॉस्पिटलात गळ्यात कंठपट्टी बांधत.

पट्टीचं शास्त्र कळायला अवघड नाही. आपण एखादा शब्द म्हणतो तेव्हा मेंदू जिभेला, जबड्याला, हनुवटीखालच्या स्नायूंना हुकूम सोडतो. स्वरयंत्र नसलं तरी हुकूम सुटतोच. स्नायू केसभर हलतात आणि हलताना विजेची अगदी बारीक लहर सोडतात. मऊ रबराच्या पट्टीतले बावीस ठिपके ती लहर टिपतात, मशीन वाक्य ओळखतं आणि छातीवरच्या बटणाएवढ्या स्पीकरमधून ते म्हणून दाखवतं. पण लहर तर मनातल्या मनात बोललं तरी उठते. गिळताना उठते, जांभई देताना उठते, वर्तमानपत्र वाचताना उठते. माणसाच्या मनात आलेलं सगळंच पट्टी बडबडायला लागली तर एकही संसार टिकायचा नाही. म्हणून मशीनला बोलण्याइतकंच न बोलणंही शिकवावं लागतं.

बाहेरून आलेल्या मशीनला या भागातलं मराठी झेपेना, तेव्हा पाच वर्षांपूर्वी हॉस्पिटलनं आपलं स्वतःचं मशीन शिकवायला घेतलं. त्यासाठी एक घसा हवा होता. वाचा विभागात पेशंटना बोलायला शिकवणाऱ्या वैजयंतीचे उच्चार स्वच्छ, म्हणून तिचा घेतला. सहा महिने तिनं पट्टी बांधून नऊ हजार वाक्यं म्हटली. मग शांततेचे नमुने घ्यायचे होते: चाळीस संध्याकाळी पट्टी बांधूनच घरी जायचं, नेहमीसारखं राहायचं, तोंडानं मात्र बोलायचं नाही. या चाळीस संध्याकाळी गळ्यात जे काही हललं ते बोलणं नव्हे, असं मशीनला बजावून ठेवलं होतं.

"शांततेसाठी तुमच्यासारखं घर गावात मिळायचं नाही मॅडम," पट्टी बनवणारे इंजिनिअर निरंजन आरवाडे तेव्हा म्हणाले होते. "आमच्याकडं कुकर, टीव्ही, फोन, भांडणं. तुमच्याकडं कसं निवांत."

"हो, तेवढं आहे खरं," वैजयंती म्हणाली होती. घरी जाऊन मात्र तिला रडू आलं होतं, आणि ते रडूही नमुन्यात जमा झालं.

गप्प राहण्याचं वळण तिला लहानपणीच लागलं. वडील आष्ट्याच्या शाळेत हेडमास्तर. मुलीनं मोठ्यानं हसू नये, खिडकीत उभं राहू नये, टीव्हीवर नायक-नायिका जवळ आले की उठून पाणी प्यायला जावं. सत्ताविसाव्या वर्षी एक स्थळ आलं, मुलगा तिला आवडला. पण 'तुझं काय मत?' असं आईनं विचारल्यावर 'तुम्ही म्हणाल तसं' याखेरीज तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि आईवडील 'नाही' म्हणाले. मग वडिलांना अर्धांगवायू झाला, तो अकरा वर्षं. मागोमाग आईचं आजारपण. सगळं उरकलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. आता बावन्न. घरात चिटपाखरू नसताना ती अजूनही परकर बांधूनच अंघोळ करायची. आपलं अंग आपण कधी धड पाहिलं आहे का, हे तिला आठवत नसे, आणि आठवायचा प्रयत्न करण्याचाही आताशा तिला कंटाळा येई.

सोमवारी सकाळी मंगल खोत नवऱ्याला घेऊन आली. नवरा भूपाल. हळदीच्या सौद्यात बोली पुकारण्यात त्याची हयात गेली होती; त्याच्या आवाजावर बैल बुजायचे म्हणत. चार महिन्यांपूर्वी स्वरयंत्र काढलं, आता गाठ परत उठली होती, मानेतल्या मोठ्या शिरेला लागून. शुक्रवारी दुसरं ऑपरेशन. सही घेताना डॉक्टरांनी निम्मीच आशा धरा असं सांगितलं होतं.

"मॅडम, तुमची पट्टी खोडसाळ हाय," मंगल बसता बसता म्हणाली.

"काय झालं?"

"सगळ्यांशी बोलती. व्यापाऱ्याला भाव सांगती, सुनंला रागं भरती, परवा तर डॉक्टरसायबांस्नीच दोन सुनावल्या तिनं. आणि मालक माझ्याकडं बघून तोंड हलवत्यात तवा मुकी! माझ्याशी काय दावा हाय का तिचा?"

"खोटं न्हाई," भूपालची पट्टी म्हणाली.

"आता म्हणा बघू, जे म्हणत होता ते."

भूपालनं बायकोकडं पाहिलं. ओठ हळू हलले. पट्टी गप्प. वैजयंतीला ओठ वाचता येत, पंचवीस वर्षांचा धंदा होता तो. 'जवळ बस', एवढंच तो म्हणाला होता. मग मिशीत हसत त्यानं आणखी काहीतरी म्हटलं, आणि वैजयंतीनं झटकन नजर काढून घेतली.

"काय म्हटले ओ?" मंगलनं विचारलं.

"नीट कळलं नाही." वैजयंतीचे कान तापले होते. "भूपालदादा, पहिलं वाक्य जरा जोरात म्हणा. सौद्यात पुकारता तसं."

भूपालनं छाती फुगवली. "जवळ बस!" पट्टी खणखणीत ओरडली, आणि बाहेर बाकावर बसलेला एक म्हातारा दचकून सरकून बसला.

"असं कोण बायकोला म्हणतंय व्हय?" मंगल म्हणाली.

"तोवर लिहून दाखवू देत की त्यांना."

"लिवलं तर कागद मागं ऱ्हातोय मॅडम. सुनंच्या हाती घावला म्हंजे?" मंगलचा आवाज एकदम खाली आला. "शुक्करवारच्या आत तेवढं नीट करा. पुढचं कुणी बघितलंय? त्येंच्या मनात काय हाय ते मला त्येंच्याकडनंच ऐकायचं हाय."

निरंजन आरवाडेंनी दुपारपर्यंत भूपालच्या पट्टीच्या नोंदी उपसल्या, मग आणखी साठ पेशंटच्या. ते पंचावन्न वर्षांचे, सावकाश बोलणारे, चष्मा कपाळावर सरकवून तो टेबलावर शोधणारे गृहस्थ. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको नीलिमा गेली होती. डब्यात रोज दोन पोळ्या आणि कुठलीही एक भाजी. ती भाजी कुठली हे त्यांनाही खाल्ल्यावरच कळे. वैजयंतीला त्यांचं सगळं ठाऊक होतं, शर्टाच्या कॉलरची कुठली बाजू आधी विरते तेसुद्धा.

"पट्टी बिघडलेली नाही," ते म्हणाले. "मशीनला वाक्य ऐकू येतं. पण काही ठरावीक वळणाची वाक्यं हळू म्हटली की ते त्यांची नोंद शांतता अशी करतं. एकेक शब्द नव्हे, वाक्यच्या वाक्य. अशी दोनशे बारा सापडली. ही यादी."

वैजयंतीनं कागद हातात घेतले. जवळ बस. हात दे. इतक्यात जाऊ नको. मला भीती वाटते. माझ्याकडं बघ ना. दमलास? डोकं ठेव इथं. पानामागून पान. शेवटच्या पानावर दिवा घालव होतं, घट्ट धर होतं, आणि जी वाक्यं तिनं जन्मात उच्चारली नव्हती ती होती. ही सगळी वाक्यं तिच्या घरातली होती. चाळीस संध्याकाळी भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, अंथरुणावर पडून पंख्याकडं बघताना ती मनातल्या मनात हेच बोलत होती, आणि बोलत होती ते या समोर बसून चष्मा शोधणाऱ्या माणसाशी. मशीन बिचारं आज्ञाधारक. बाईसाहेबांच्या गळ्यात हे हललं तर ते बोलणं नव्हे, हे त्यानं पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

"पाच वर्षांत कुणी तक्रार कशी केली नाही?" ती कशीबशी म्हणाली.

"काय म्हणून करणार? बायकोशी गोड बोलता येत नाही अशी?" निरंजन खिडकीबाहेर बघत होते. "मला वाटतं, शेजाऱ्यांचा टीव्ही असणार. मालिका चालू असेल, तुम्ही नकळत मनात संवाद म्हणत गेला असाल. होतं असं."

"हो," वैजयंती म्हणाली. "शेजाऱ्यांचा टीव्हीच."

निरंजननी उपाय दोन सांगितले. एक, ही शांतता फेकून द्यायची आणि नवा माणूस, नव्या संध्याकाळी. त्याला चार महिने लागतील. दुसरा, ज्या घशानं हे मनात म्हटलं त्याच घशानं ते मोठ्यानं, म्हणायचं म्हणून म्हणायचं, प्रत्येक वाक्य आठ वेळा. मग मशीनला कळेल की हेही बोलणंच आहे. तेवढं एका दिवसात होईल.

मंगळवारी तिनं काचेच्या खोलीत बसून पहिलं पान वाचलं. निरंजन समोर बसून प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी कळ दाबत होते. म्हणणाऱ्याला ते स्वतः करता येत नाही. वाक्य मशीनच्या गळी उतरलं की हिरवा दिवा लागायचा होता. दोन तासांत तो एकदाही लागला नाही.

"मॅडम, तुम्ही बातम्या देताय," निरंजन म्हणाले. "स्नायूंचा ताणच वेगळा पडतोय. त्या चाळीस संध्याकाळी जसं म्हणत होता तसं यायला हवं."

"मालिकेतलं वाक्य मी आणखी कसं म्हणू?"

निरंजननी मशीन बंद केलं.

त्या संध्याकाळी वैजयंतीनं स्वयंपाक केला नाही. खुर्चीत बसून तिनं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. नवा घसा मागवावा, चार महिन्यांनी सगळं आपोआप नीट होईल, कुणाला काही कळणार नाही. भूपाल खोत शुक्रवारी गेला तर मात्र त्याचं मिशीतलं हसू तेवढं मंगलच्या वाट्याला येईल. आणि तो गेला नाही तरी चार महिने बाकीचे तीनशे सत्तेचाळीस ओठ हलवत राहतील. आपण आयुष्यभर गप्प राहिलो ते कुणाला त्रास नको म्हणून, असं तिला आजवर वाटत आलं होतं. आपल्या गप्प बसण्यानं माणसंच्या माणसं मुकी झाली याचा तिला विलक्षण थकवा आला. राग यायला हवा होता, पण तेवढी ताकदही राहिली नव्हती.

बुधवारी ती नऊला काचेच्या खोलीत जाऊन बसली. निरंजन दारातच घुटमळले.

"मी काय म्हणतो, आज कळ दाबायला नर्सिंगच्या कुणा बाईंना बसवू का? तुम्हाला मोकळं वाटेल."

"नको. तुम्हीच बसा." तिनं टेबलाची कड धरली. "टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांच्यात कधी टीव्हीचा आवाजच नव्हता. ते मी म्हणत होते. तुम्हाला म्हणत होते."

निरंजन बसले. चष्मा त्यांनी काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"सुरू करू या?" ते म्हणाले.

"निरंजन," ती म्हणाली, आणि ते नाव तोंडातून निघताना तिचा गळा इतका दाटला की पुढचे शब्द तिला ढकलावे लागले. "जवळ बस."

हिरवा दिवा लागला.

पहिल्या पानाला तिचा आवाज थरथरत होता. दुसऱ्या पानावर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती थांबत नव्हती. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र वेगळंच काही व्हायला लागलं. आठ-आठ वेळा, शंभर वाक्यं, सव्वाशे वाक्यं. तिनं वर्षानुवर्षं जपून, झाकून ठेवलेलं एकेक वाक्य उजेडात येत होतं, हवेत विरत होतं आणि पुढचं येत होतं. 'मला भीती वाटते' पाचव्यांदा म्हणताना तिच्या ध्यानात आलं की आता तशी भीती वाटत नाही. पाठ दुखत होती, घसा खवखवत होता, आणि समोरचा माणूस नुसताच एक माणूस होता, डोळ्यांखाली काळं आलेला, तिच्याइतकाच दमलेला. तिला त्याची माया वाटली. ही माया त्या चाळीस संध्याकाळच्या वाक्यांत कुठंच नव्हती.

चार वाजता शेवटचं पान आलं. निरंजननी कळीवरचं बोट उचललं.

"एवढं पुरे होईल मॅडम. हे राहू दे."

"भूपाल खोतचं वाक्य या पानावर आहे."

"दुसरं काहीतरी म्हणेल तो."

"त्यानं काय म्हणावं हे आपण ठरवायचं?" ती म्हणाली. "दाबा कळ."

शेवटच्या पानावर एकोणीस वाक्यं होती. ती तिनं निरंजनकडं बघत म्हटली. डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाही. निरंजनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोनदा त्यांची कळ उशिरा दाबली गेली आणि त्यांना सांगावं लागलं, "हे चुकलं, परत एकदा." आणि तिनं ते परत म्हटलं. बावन्न वर्षांत आपल्या शरीराला काय हवं होतं, हे त्या दुपारी तिनं पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यात वाईट काहीच नव्हतं. साध्या गोष्टी होत्या, भूक लागण्यासारख्या, आणि एवढ्यासाठी आपण इतकं घाबरलो याचं तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

निरंजननी मशीन बंद केलं.

"मला एक सांगायचंय," निरंजन म्हणाले. "टीव्ही नव्हता हे मला माहीत होतं."

"म्हणजे?"

"पाच वर्षांपूर्वी नमुने तपासताना तुमच्या शांततेत एक नाव सारखं येत होतं. मी ते चालवून पाहिलं. माझं होतं. तेव्हा नीलिमाची केमो चालू होती. मी फाइल बंद केली आणि शांतता चांगली आहे असा शेरा मारला."

"आणि वहिनी गेल्यावर?"

"मग काय, सवय झाली." ते टेबलाकडं बघत होते. "रोज सकाळी तुम्ही नमस्कार म्हणायचात आणि मी नमस्कार म्हणायचो. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. ते मोडलं असतं तर काय करणार होतो मी?"

वैजयंती त्यांच्याकडं बघत राहिली. चार वर्षं. रोजचा नमस्कार. दोन घरांत दोन माणसं गप्प, आणि त्या गप्पपणाच्या पट्ट्या करून आपण जिल्हाभर माणसांच्या गळ्यात बांधल्या. तिला ओरडायचं होतं. पण घसा पार बसला होता.

शुक्रवारी सकाळी सातला भूपालच्या पट्टीत नवं मशीन घातलं. स्ट्रेचर दाराशी उभं होतं. भूपालनं मंगलला खुणेनं बोलावलं आणि मिशीत हसला.

"दिवा घालव आणि ये," पट्टी हळूच म्हणाली. हळूच, पण सात खाटांच्या वॉर्डात ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"आवो!" मंगलनं त्याच्या दंडावर चापट मारली आणि पदर तोंडावर घेतला. "दिवसाढवळ्या! काय लाज?" शेजारच्या खाटेवरचे दोघे हसत होते, नर्स हसत होती. मंगल हसता हसता रडायला लागली. "घरला या आधी. मग बघू."

"मला भ्या वाटतंय, मंगल," पट्टी म्हणाली.

हे मात्र कुणालाच अपेक्षित नव्हतं, मंगलला तर नाहीच. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं हे वाक्य ऐकलं नव्हतं. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि वॉर्डबॉयला सांगितलं, जरा थांब. ऑपरेशन सात तास चाललं. भूपाल वाचला, किती दिवसांसाठी, ते डॉक्टर सांगेनात.

सोमवारी वैजयंतीनं निरंजनच्या टेबलावर एक यादी ठेवली. पट्टी वापरत होते आणि पुढं वारले अशा पेशंटची. पाच वर्षांत एक्केचाळीस.

"यांच्या पट्ट्यांच्या जुन्या नोंदी असतील ना?"

"आहेत. सगळ्या लहरी जपून ठेवल्यात."

"नव्या मशीनमधून काढा. कुणी कुणाला काय म्हटलं ते."

निरंजननी यादीवरून बोट फिरवलं. "मॅडम, गेलेली माणसं ती. बायकामुलं सावरली असतील. आता सांगून त्यांना काय मिळणार? उगाच जखमेवरची खपली—"

"एकदा तुम्ही फाइल बंद केलीत," वैजयंती म्हणाली. घसा अजून खरखरत होता, पण आवाज खाली आला नाही. "आता मलाही करायला सांगताय? ती वाक्यं आपली नाहीत निरंजन. ज्यांची आहेत त्यांना देऊन टाकायची."

त्यांनी यादी घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "आणि आपलं?"

हा प्रश्न आठवड्यापूर्वी आला असता तर तिला घेरीच आली असती. "आपलं बघू," ती म्हणाली. "ते मी आता विसरणार नाही आणि लपवणारही नाही. आधी एक्केचाळीस घरं."

पहिलं घर कुपवाडला होतं. निरंजननी गाडी बोळाच्या तोंडाशी लावली. शकुंतला हेरवाडे दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. पासष्टीच्या, हाडकुळ्या, डोळ्यांना जाड भिंगं. नवरा आण्णाप्पा यंत्रमाग दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी मार्चात गेला. वैजयंतीनं आपण कोण ते सांगितलं, पट्टीत काय चूक होती ते सांगितलं, आणि ती चूक माझ्यामुळं झाली, असंही सांगितलं. शकुंतलाबाईंनी शास्त्राचा भाग शांतपणे ऐकून घेतला आणि लसणाचं ताट बाजूला सारलं.

"म्हंजे शेवटच्या दिवशी ते काय बोलत हुते ते तुमास्नी ठावं हाय?"

"हो. दुपारी दोन ते चार. तुम्ही जवळ होता ना?"

"मीच हुते की. दुसरं कोण?"

"त्यांनी अकरा वेळा तुम्हाला जवळ बस म्हटलं. पट्टीनं ते म्हटलं नाही."

शकुंतलाबाईंनी भिंगं काढली.

"अकरा वेळा?"

"हो."

"मला वाटलं पाणी मागत्यात. तोंड हलवत हुते आन् माझ्याकडं बघत हुते." त्यांचा हात हवेत चमचा धरल्यासारखा झाला. "मी आपली उठायची, आत जायाची, पाणी आणायची, चमच्यानं पाजायची. पुन्ना हलवलं की पुन्ना उठायची. एका जागी टेकलेच न्हाई ओ मी त्या दिवशी."

वैजयंती पुढं सरकली आणि तिनं त्यांचा हात धरला. परक्या माणसाचा हात तिनं असा आपणहून कधी धरला नव्हता. हात खरबरीत होता, त्याला लसणाचा वास होता. निरंजन उंबऱ्याशी उभे होते, त्यांनी तोंड बोळाकडं फिरवलं.

"आणखी काय म्हटले?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"शेवटी एक म्हटलं होतं. चारला पाच मिनिटं असताना."

"सांगा की मग."

कागदाकडं बघायची गरज नव्हती. आण्णाप्पा हेरवाडेनं ते त्या दुपारी जसं म्हटलं असेल तसं, हळू, घाई न करता, वैजयंतीनं त्यांना सांगितलं.

"पुरे झालं पाणी. बस आता."